शब्दपडताळणी : का, कोठे आणि किती

संकेतस्थळावर आपले नाव, पत्ता आणि चार ओळींचा अभिप्राय लिहून झाल्यावर, 'पाठवा' या बटणापाशी पोचण्यापूर्वी, वाकड्यातिकड्या, एकमेकांत गुंतलेल्या आणि मधूनच रेघ मारलेल्या पाचसहा अक्षरांचे एक चित्र समोर येते, आणि ती अक्षरे खालच्या चौकटीत जशीच्या तशी भरल्यावाचून आपला मजकूर पुढे सरकत नाही, हा अनुभव आता सातबारा पाहणाऱ्या शेतकऱ्यापासून रेल्वेचे तिकीट काढणाऱ्या प्रवाशापर्यंत सर्वांच्या अंगवळणी पडला आहे. व्यवहारात या चित्राला सर्रास कॅप्चा म्हणतात. तो भरवून घेण्याच्या क्रियेला या लेखात शब्दपडताळणी म्हटले आहे. पुष्कळांना ती निष्कारण अडवणूक वाटते, काहींना आपल्या सचोटीवर घेतलेली शंका वाटते, आणि ज्यांच्याकडे एखाद्या वाचनालयाच्या, शाळेच्या किंवा परदेशातील महाराष्ट्र मंडळाच्या संकेतस्थळाची व्यवस्था सोपवलेली असते असे हौशी कार्यकर्ते 'सगळीकडे असते, तेव्हा आपल्याकडेही असावी' एवढ्याच विचाराने ती बसवून मोकळे होतात. हा लेख मुख्यतः अशा कार्यकर्त्यांसाठी आहे. त्यांनी ही तजवीज करण्यापूर्वी ती कशासाठी आहे, तिच्याकडून काय साधते आणि काय साधत नाही, याचा नीट विचार करावा, आणि आपल्या दारी येणाऱ्या खऱ्या माणसाला तिचा जाच कमीत कमी होईल अशी काळजी घ्यावी, हे सांगण्याचा हेतू आहे.

प्रथम, पडताळणी मुळीच नसली तर काय होते ते पाहू. एखाद्या सार्वजनिक वाचनालयाने व्याख्यानमालेची माहिती देऊन तिच्याखाली श्रोत्यांच्या अभिप्रायासाठी एक साधा अर्ज ठेवला, असे धरून चालू. सुरुवातीला दोनचार सभासदांची पत्रे येतात. मग केव्हातरी कोणत्या तरी यंत्राला त्या अर्जाचा सुगावा लागतो, आणि नुसत्या निरर्थक अक्षरांची एक नोंद येते. तो अर्ज बिनहरकत स्वीकारला जातो की नाही याची ती चाचपणी असते. त्यानंतर जो ओघ सुरू होतो त्याचे स्वरूप एकदा पाहिले की विसरता येत नाही. ज्ञानेश्वरीवरील व्याख्यानाखाली इंग्रजीत 'अत्यंत उपयुक्त माहिती, असेच लिहीत राहा' अशी स्तुती, आणि तिच्या शेपटाला जुगाराच्या संकेतस्थळाचा दुवा. त्याच मिनिटाला दुसऱ्या नावाने शब्दशः तीच स्तुती पुस्तकप्रदर्शनाच्या सूचनेखाली, या वेळी दुवा औषधांच्या दुकानाचा. आणि मग कर्ज देणारे, घड्याळे विकणारे, परीक्षेचे निबंध लिहून देणारे. नोंदींच्या वेळा पाहिल्या तर काही एकाच सेकंदातल्या निघतात, म्हणजे त्या माणसाच्या हातच्या असणे शक्यच नाही. या ढिगाऱ्यात एखाद्या वृद्ध सभासदाने मनापासून लिहिलेले मराठी पत्र हरवून जाते, आणि व्यवस्थापक कंटाळून अर्जच बंद करतो. खरे नुकसान हेच आहे.

आता प्रश्न असा की, एवढा खटाटोप करणाऱ्याला त्यातून मिळते काय? वाचनालयाचे सभासद तो दुवा दाबून जुगार खेळू लागतील, अशी त्याचीही अपेक्षा नसते. त्याचे लक्ष्य वाचक नसून शोधयंत्र असते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ साली जी पद्धत मांडली आणि जिच्यावर गूगलची उभारणी झाली, तिचे मूळ तत्त्व असे की, एका पानाने दुसऱ्या पानाकडे दिलेला दुवा ही एक प्रकारची शिफारस मानावी, आणि ज्याच्या बाजूने अधिक वजनदार शिफारशी, त्याला शोधाच्या यादीत वरचे स्थान द्यावे. तत्त्व उत्तम होते. परंतु शिफारशीला मोल आले की खोट्या शिफारशींचा धंदा उभा राहतो, आणि जुन्या, सालस, सरकारदरबारी नोंदलेल्या संस्थेच्या पानावरची शिफारस फुकटात मिळत असेल तर ती लाखोंच्या संख्येने उचलण्याचा मोह धंदेवाल्याला आवरत नाही. यावर उपाय म्हणून जानेवारी २००५ मध्ये प्रमुख शोधयंत्रांच्या चालकांनी एक खूण ठरवली. ती दुव्याला लावली की त्या दुव्याची शिफारस म्हणून गणना होत नाही. मात्र त्यानेही ओघ थांबला नाही, कारण ती खूण आहे की नाही हे तपासत बसण्यापेक्षा सरसकट सगळीकडे पाठवून देणेच पाठवणाऱ्याला स्वस्त पडते.

या स्वस्ताईतच साऱ्या रोगाचे मूळ आहे. टपालाने शंभर पत्रके पाठवणाऱ्याला शंभर तिकिटांचा खर्च येतो, म्हणून तो कोणाला पाठवावे याचा विचार करतो; यंत्राकडून कोट्यवधी नोंदी करवणाऱ्याला एका नोंदीचा खर्च शून्याच्या जवळपास येतो, म्हणून त्याला विचार करण्याचे कारणच उरत नाही. ई-पत्रांच्या बाबतीत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हा औषधांची जाहिरात करणाऱ्या सुमारे ३५ कोटी पत्रांमागे खरेदीच्या पायरीपर्यंत पोचलेले लोक अवघे २८ निघाले. एवढ्या नगण्य प्राप्तीवरही जो व्यवहार चालू राहतो, त्याला उपदेशाने वा विनंतीने आळा बसणार नाही. दर नोंदीमागे काहीतरी किंमत मोजावी लागेल, अशी व्यवस्था केली तरच बसेल. सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर या दोन संगणकशास्त्रज्ञांनी निरुपयोगी टपालाविषयी हा विचार १९९२ सालीच मांडला होता: प्रत्येक पत्र पाठवण्यापूर्वी पाठवणाऱ्याच्या यंत्राला एक छोटेसे गणित सोडवावयास लावावे, म्हणजे एक पत्र लिहिणाऱ्याला ते जाणवणार नाही आणि दहा लाख पाठवणाऱ्याला परवडणार नाही. शब्दपडताळणी ही त्याच विचाराची दुसरी शाखा होय. तेथे यंत्राच्या श्रमाऐवजी माणसाच्या दृष्टीचा क्षणभर वापर करून घेतला, एवढाच फरक.

तिचा पहिला ठळक उपयोग १९९७ साली अल्टाव्हिस्टा या त्या काळच्या नामांकित शोधयंत्राने केला. तेथे कोणालाही आपल्या पानाचा पत्ता नोंदवण्याची मुभा होती, आणि यंत्रे तिचा गैरफायदा घेऊन हजारो पत्ते घुसवीत होती. आंद्रेई ब्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी योजलेली युक्ती अशी की, छापील मजकूर वाचणाऱ्या यंत्रांना कोणत्या गोष्टी जड जातात हे शोधावे आणि मुद्दाम त्याच गोष्टी कराव्यात: अक्षरांचे वळण मध्येच बदलावे, ओळ तिरकी करावी, पार्श्वभूमी गढूळ ठेवावी. पुढे २००० साली याहूच्या संभाषणकक्षांत जाहिरातबाज यंत्रांनी धुमाकूळ घातला तेव्हा कार्नेगी मेलन विद्यापीठातील मॅन्युएल ब्लम आणि त्यांचा ग्वाटेमालाहून आलेला तरुण विद्यार्थी लुइस फॉन आन यांनी, निकोलस हॉपर आणि जॉन लँगफर्ड यांच्यासह, या कल्पनेला शास्त्रीय बैठक दिली, आणि २००३ च्या निबंधात तिची रीतसर मांडणी केली. अॅलन ट्यूरिंग यांनी १९५० साली यंत्राच्या बुद्धीची जी कसोटी सुचवली होती तीत परीक्षक माणूस होता. येथे परीक्षक स्वतः यंत्र आहे, त्यालाच समोरचा माणूस आहे की दुसरे यंत्र हे ठरवावयाचे आहे, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर त्याला एरवी स्वतःला देता आले नसते तोच प्रश्न त्याने विचारावयाचा आहे. यातले बुद्धिवैभव खरोखर वाखाणण्याजोगे आहे.

ही पडताळणी यंत्राला जड का जाते, याविषयी एक गैरसमज आहे. सुटे अक्षर, मग ते कितीही वाकवलेले असो, ओळखणे यंत्राला फार पूर्वीच साधले. अडत होते ते दुसरीकडे: एक अक्षर कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते, ही तोड करण्यात. म्हणूनच नंतरच्या चित्रांत अक्षरे एकमेकांवर रेलू लागली आणि त्यांच्या अंगावरून रेघा जाऊ लागल्या. परंतु तोही आडोसा टिकला नाही. २००३ सालीच बर्कलीचे ग्रेग मोरी आणि जितेंद्र मलिक यांनी त्या वेळच्या एका प्रचलित प्रकाराची ९२ टक्के चित्रे यंत्राकडून वाचवून दाखवली; २०१४ साली खुद्द गूगलच्या संशोधकांनी आपल्या पडताळणीतील अत्यंत कठीण वर्गाची चित्रेही ९९.८ टक्के अचूकतेने यंत्र वाचते असे जाहीर केले. आणि आजची यंत्रे कित्येक चित्रे माणसाहून लवकर आणि माणसाहून बिनचूक वाचतात.

शिवाय यंत्राला वाचता आले नाही तरी मजूर होतेच. २०१० साली सॅन डिएगो येथील संशोधकांनी या धंद्याचा जमाखर्च तपासला, तेव्हा हजार चित्रे वाचून देण्याचा बाजारभाव सुमारे एक डॉलर, आणि घाऊक व्यवहारात त्याहूनही कमी, असा आढळला. कमी मजुरीच्या देशांतील माणसे, आणि त्यांत आपल्या देशातीलही, दिवसभर पडद्यासमोर बसून दुसऱ्याच्या यंत्रासाठी ही अक्षरे टंकत होती. ज्या खुणेवरून माणूस ओळखावयाचा तीच खूण माणसाकडून इतक्या कवडीमोलाने विकत घेतली जावी, ही गोष्ट मनाला लागते.

मग या पडताळणीचा उपयोग उरला तरी काय, असे कोणी विचारील. उपयोग उरला आहे, पण तो कोणता ते बरोबर समजून घेतले पाहिजे. शेताला घातलेले बाभळीचे कुंपण निश्चय करून आलेल्या चोरासाठी नसते. ते मोकाट सुटलेल्या गुरांसाठी असते. दहा लाख नोंदी करू पाहणाऱ्याला पडताळणी नसताना जवळजवळ काहीच खर्च नव्हता. हजारी एक डॉलर या भावाने त्याच दहा लाखांना आता हजार डॉलर पडतात, आणि वाचनालयाच्या अभिप्रायाखालच्या दुव्याला, विशेषतः ती शिफारस न मानण्याची खूण लावलेली असताना, तेवढी किंमत कोणी देत नाही. ज्या ठिकाणी प्राप्ती मोठी आहे, उदाहरणार्थ सकाळी दहाला तत्काळ तिकिटांची विक्री उघडते तेथे, एवढा खर्च सोसूनही दलाल येतातच. म्हणून रेल्वेला केवळ अक्षरांच्या चित्रावर विसंबून राहता आले नाही, आणि जुलै २०२५ पासून तत्काळ तिकिटासाठी आधारची ओळख सक्तीची करावी लागली. तात्पर्य, आपल्या दारी येणाऱ्या उपद्रवी यंत्राला तेथे किती मिळण्यासारखे आहे, हा हिशेब आधी करावा, आणि त्या हिशेबाच्या प्रमाणातच बंदोबस्त ठेवावा. ज्या छोट्या संस्थेच्या अर्जातून कोणाला काही मिळण्यासारखे नाही, तिने बँकेच्या थाटाची पडताळणी बसवणे म्हणजे सभासदांना विनाकारण शिक्षा करणे होय.

येथे एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. आपण निर्माण केलेल्या पडताळणीपायी जगभरच्या माणसांचे रोज लक्षावधी तास खर्ची पडतात, याची फॉन आन यांना रुखरुख लागली, आणि २००७ साली त्यांनी रीकॅप्चा या नावाने तिचे रूप पालटले. वाचकासमोर एकाऐवजी दोन शब्द येऊ लागले. एकाचे उत्तर यंत्राला ठाऊक असे आणि दुसरा जुन्या छापील पानावरून घेतलेला, यंत्राला न लागलेला असा असे. पहिला बरोबर लिहिणारा दुसराही बरोबर लिहील असे धरून, अनेकांची उत्तरे जुळली की तो शब्द लागला असे मानले जाई. या रीतीने न्यूयॉर्क टाइम्सचे जुने अंक आणि हजारो पुस्तके, ज्यांना आपण कोणते काम केले याची वार्ताही नव्हती अशा माणसांकडून, शब्दाशब्दाने वाचली गेली. २००९ साली गूगलने ती व्यवस्था विकत घेतली, पुढे शब्दांची जागा घरांचे क्रमांक, वाहतुकीचे दिवे आणि रस्त्याच्या कडेचे अग्निशमनाचे नळ यांनी घेतली, आणि त्या श्रमाचा लाभ सार्वजनिक ग्रंथांकडून एका कंपनीकडे वळला. पहिल्या कल्पनेतला उदात्तपणा त्यामुळे कमी होत नाही.

आता प्रत्यक्ष व्यवस्थेकडे वळू. पहिला नियम असा की, वाचण्याच्या वाटेवर पडताळणी कधीही ठेवू नये. ती केवळ जेथे कोणी काही लिहून पाठवतो तेथेच असावी. आणि तेथेही, खऱ्या माणसाला ज्यांची चाहूलही लागत नाही अशा मूक उपायांपासून आरंभ करावा. अर्जात एक जादा रकाना ठेवून तो पडद्यावर दिसणार नाही असे करावे. माणूस तो भरत नाही, पण दिसेल तो रकाना भरत सुटणारे यंत्र तो भरून बसते आणि सापडते. मात्र या रकान्याला 'ही जागा रिकामी सोडा' असे नाव द्यावयास विसरू नये, कारण पडदा न पाहता स्क्रीन रीडरच्या आवाजावर चालणाऱ्या अंध वाचकाला तो रकाना ऐकू येतो. दुसरा उपाय वेळेचा: अर्ज उघडल्यापासून दोनतीन सेकंदांच्या आत भरून आला तर तो माणसाने भरलेला नाही असे समजावयास हरकत नाही. याच्या उलट बाजूची मर्यादा मात्र सैल ठेवावी, कारण मोबाइलवर एका बोटाने मराठी लिहिणाऱ्या ज्येष्ठ सभासदाला चार ओळींना अर्धा तास लागू शकतो, आणि 'वेळ संपली' म्हणून त्याचे लिखाण पुसून टाकण्यासारखा अन्याय नाही. तिसरा उपाय दुव्याचा. अभिप्रायात दुवा देण्याचे प्रयोजन क्वचितच असते. तेव्हा ज्या नोंदीत दुवा असेल ती आपोआप प्रसिद्ध न होता तपासणीसाठी बाजूला पडावी, आणि प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक दुव्याला ती शिफारस न मानण्याची खूण लागलेली असावी. मजकुरात देवनागरी मुळीच नसेल तर तेही संशयाचे एक कारण समजता येईल, परंतु केवळ तेवढ्यावरून नोंद फेटाळू नये. रोमन अक्षरांत मराठी लिहिणारे आपले लोक देशात आणि परदेशात पुष्कळ आहेत.

या उपायांत अडकलेल्या नोंदी तडकाफडकी नष्ट करण्यापेक्षा वेगळ्या दप्तरात जमा कराव्यात आणि आठवड्यातून एकदा कोणी जबाबदार माणसाने त्यांवरून नजर फिरवावी, असा शिरस्ता ठेवणे मला अत्यंत आवश्यक वाटते. ब्राउझर पुष्कळदा रकाने आपणहून भरून टाकतो, आणि त्या गोंधळात खरे पत्रही अडकू शकते. ज्या संस्थेकडे दिवसाकाठी दहावीस अभिप्राय येतात तिने तर प्रसिद्धीपूर्वी प्रत्येक नोंद माणसाने वाचावी, हाच सर्वोत्तम मार्ग होय. त्या संस्थेला शब्दपडताळणीची गरजच राहत नाही.

एवढे करूनही ओघ आवरत नसेल तर शब्दपडताळणी बसवावी, पण ती नीट बसवावी. हौसेने लिहिलेल्या संकेतस्थळांवर एक दोष वारंवार दिसतो: अक्षरांचे चित्र वाचकाच्या ब्राउझरमध्येच तयार होते आणि उत्तराचा मेळही तेथेच घातला जातो. यंत्र मात्र ब्राउझरच्या वाटेने येतच नाही. ते अर्ज थेट सर्व्हरकडे टाकते, आणि त्याला ते चित्र कधी दिसतही नाही. परिणामी जाच सगळा माणसाला आणि मोकळीक सगळी यंत्राला, असा उलटा न्याय होतो. म्हणून उत्तराची खातरजमा सर्व्हरवरच व्हावी, एक उत्तर एकदाच चालावे आणि ठराविक अवधीनंतर ते रद्द व्हावे. अक्षरे निवडताना शून्य आणि ओ, तसेच एक, लहान एल आणि मोठा आय, ही जुळी भावंडे वगळावीत; लहानमोठ्या अक्षरांचा भेद धरू नये; चित्र बदलून घेण्याचे बटण मोठे आणि जवळ असावे. आणि उत्तर चुकले तर केवळ नवे चित्र दाखवावे, भरलेला अर्ज जसाच्या तसा राहू द्यावा. या शेवटच्या सूचनेकडे जेवढे दुर्लक्ष होते तेवढे दुसऱ्या कोणत्याही सूचनेकडे होत नसेल.

मराठी वाचकांच्या दृष्टीने लिपीचा प्रश्न स्वतंत्र विचार मागतो. आपल्याकडील बहुतेक सरकारी संकेतस्थळांवर पडताळणीची अक्षरे रोमन असतात. महाभूलेख या संकेतस्थळावर स्वतःच्या जमिनीचा उतारा पाहू इच्छिणारा शेतकरी जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक मराठीत निवडत येतो, आणि अखेरच्या पायरीवर त्याच्यापुढे कॅप्चा उभा राहतो. भूमिअभिलेखांची घाऊक उचल यंत्रांकडून होऊ नये म्हणून तेथे काही आडकाठी हवी, हे मान्य. परंतु ज्याला रोमन लिपीतल्या लहान आणि मोठ्या अक्षरांचा भेद शाळेत कधी शिकवलाच गेला नाही, तो शेजारच्या पोराला हाक मारतो किंवा सेवाकेंद्रात पैसे मोजून उतारा काढून घेतो. मग देवनागरी अक्षरांचे चित्र द्यावे काय? शिरोरेषेमुळे अक्षरे जोडलेली असतात, तेव्हा तोड करणे यंत्राला अधिक जड जाईल असे वरवर वाटते. पण देवनागरी वाचणाऱ्या यंत्रांनी आधी शिरोरेषाच पुसून टाकून अक्षरे सुटी करण्याची रीत १९९० च्या दशकातच अंगीकारली होती, त्यामुळे तो लाभ दिसतो तेवढा नाही. शिवाय ज्याच्या मोबाइलमध्ये मराठी कळफलक नाही त्याची वाट त्याने बंद होते, आणि जोडाक्षर चित्रातून ओळखले तरी ते टंकावे कसे याची पंचाईत अनेकांना पडते.

छोट्या संस्थेसाठी याहून सोपा आणि सभ्य मार्ग म्हणजे मराठीत विचारलेला साधा प्रश्न. आजच्या यंत्राला त्याचे उत्तर देता येणार नाही असे मुळीच नाही. पण लाखो संकेतस्थळांवर आंधळेपणाने फिरणारे स्वस्त यंत्र एका वाचनालयासाठी मराठी प्रश्न समजून घेण्याचा खर्च करीत नाही, आणि आपल्याला तेवढेच पुरेसे आहे. प्रश्नाचे उत्तर मात्र अंकात येईल असे पाहावे. शब्दात उत्तर मागितले की ऱ्हस्वदीर्घाचे, अनुस्वाराचे आणि एकच शब्द दोन तऱ्हांनी टंकला जाण्याचे वाद उपस्थित होतात, आणि 'मुंबई' बरोबर लिहूनही माणूस नापास होतो. 'आठवड्याचे वार किती' असे विचारावे, आणि ७, रोमन कळफलकावरचा सात आणि अक्षरी 'सात', ही तिन्ही उत्तरे ग्राह्य धरावीत. असे दहाबारा प्रश्न करून ते आलटून पालटून येऊ द्यावेत, आणि अधूनमधून बदलावेत. एक पथ्य पाळावे: प्रश्न ज्ञानाची परीक्षा घेणारा नसावा. संतांची, लेखकांची वा किल्ल्यांची माहिती विचारण्याचा मोह होतो, पण ज्याला ती ठाऊक नाही त्यालाही अभिप्राय देण्याचा पूर्ण अधिकार आहे.

अंध आणि अधू दृष्टीच्या वाचकांचा विचार हा सोयीचा नसून हक्काचा मामला आहे. चित्रातली अक्षरे स्क्रीन रीडर वाचून दाखवू शकत नाही, कारण त्याला ती वाचता आली तर यंत्रालाही आली. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने २००५ सालीच याविषयी इशारा दिला होता. उपाय म्हणून आवाजाची पडताळणी निघाली. परंतु गोंगाटात मिसळलेले परकीय उच्चारांतले आकडे ऐकून लिहिणे हे चित्र वाचण्याहून कितीतरी कष्टाचे ठरते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१० साली मोजले तेव्हा एका चित्राला सरासरी १० सेकंदांच्या आसपास, तर एका ध्वनिफितीला २८ सेकंदांहून अधिक वेळ लागला, आणि तीन श्रोत्यांचे उत्तर जुळण्याचे प्रमाण एकतृतीयांशाहूनही कमी भरले. वर सांगितलेला अंकी उत्तराचा प्रश्न साध्या मजकुरात असल्यामुळे तो स्क्रीन रीडर सहज वाचतो. त्याची बाजू घेण्याचे माझे हे प्रमुख कारण आहे. त्याबरोबरच अर्जाच्या पानावर संस्थेचा दूरध्वनी क्रमांक आणि टपालाचा पत्ता ठळकपणे द्यावा, म्हणजे ज्याला कोणतीच पडताळणी जमत नाही त्याचीही वाट खुली राहते.

तयार सेवा विकत किंवा फुकट मिळतात. त्यांत 'मी यंत्रमानव नाही' असे म्हणवून एका चौकोनावर खूण करून घेणाऱ्या आहेत, आणि काहीच न विचारता वाचकाच्या हालचालींवरून त्याला गुण देणाऱ्याही आहेत. बसवण्यास त्या सोप्या. पण त्या घेताना आपल्या वाचकांच्या येण्याजाण्याची खबर आपण तिसऱ्याच कंपनीच्या हाती देत आहोत, हे ध्यानात ठेवावे, आणि तसे संकेतस्थळावर स्पष्ट नमूद करावे.

सामान्य वाचकांसाठी सांगावयाचे ते थोडे आहे. चित्र वाचता येत नसेल तर अंदाजाने भरण्याऐवजी ते बदलून घ्यावे. बदलून घेणे ही चूक गणली जात नाही. लांब मजकूर लिहिलेला असेल तर 'पाठवा' म्हणण्यापूर्वी त्याची नक्कल करून ठेवावी. मोबाइलचा कळफलक पहिले अक्षर आपणहून मोठे करतो आणि शब्द दुरुस्त करू पाहतो, तिकडे लक्ष ठेवावे. अनेकदा माणसाला कळत नाही की चूक त्याची नसून कळफलकाची आहे.

मात्र एका बाबतीत फार सावध राहिले पाहिजे. खरी पडताळणी तुम्हाला फक्त वाचावयास, ओळखावयास, ऐकावयास किंवा चौकोनावर खूण करावयास सांगते, आणि तीही त्या पानाच्या आतच. २०२४ पासून भामट्यांनी पडताळणीचे सोंग घेतलेली पाने पसरवली आहेत. 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' असे म्हणून ती संगणकावर विंडोजची कळ आणि आर ही कळ एकत्र दाबावयास, मग कंट्रोल आणि व्ही दाबावयास आणि शेवटी एंटर दाबावयास सांगतात. या तीन पायऱ्यांत, पानाने तुमच्या नकळत नक्कल करून ठेवलेला एक हुकूम तुमच्याच हातून तुमच्या संगणकाला दिला जातो, आणि परवलीचे शब्द चोरणारा कार्यक्रम आत शिरतो. काही पाने पडताळणीच्या नावाखाली 'अलाउ' दाबावयास लावतात आणि मग रात्रंदिवस फसव्या सूचना पाठवीत राहतात. कोणी पडताळणीसाठी कळा दाबावयास, काही उतरवून घ्यावयास, मोबाइलवर आलेला ओटीपी वा बँकेचा तपशील द्यावयास सांगितले, तर ते पान तत्काळ बंद करावे. हातून तसे झालेच असेल तर संगणकाचे इंटरनेट प्रथम तोडावे, परवलीचे शब्द दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदलावेत, बँकेला कळवावे, आणि पैशाचे नुकसान झाले असल्यास वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फिर्याद नोंदवावी. तो संगणक जाणकाराकडून तपासून घेतल्याखेरीज त्यावर पुन्हा कोणताही आर्थिक व्यवहार करू नये.